नमुना आठमधलं घर

मार्च लागला की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरकडच्या गावांत ग्रामपंचायतीचा भोंगा बोलू लागतो. घरपट्टी भरा, पाणीपट्टी भरा, नाहीतर नळ तोडला जाईल. शिपाई पावतीपुस्तक काखेत मारून गल्लीत निघतो, तर बऱ्याच दारांना कुलूप. कुणी ऊसतोडीला गेलेलं, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादेत मिस्त्रीच्या हाताखाली. जे घरी सापडतात त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

“पाणी आठ दिसाला येतंय, अन् पट्टी कशाची मागायलाव?”

“मामा, पाणीपट्टी येगळी अन् घरपट्टी येगळी,” शिपाई म्हणतो.

मामांना हे पक्कं ठाऊक असतं. पण वर्षातून एकदा ग्रामपंचायत दारात येते, तेव्हा तिला दोन शब्द सुनावायची संधी कोण सोडणार? वाद होतो तो रकमेवर: हजार कशाचे, गेल्या साली सातशे होते. रक्कम ज्या ओळीतून निघते, ती ओळ मात्र मामांनी कधी वाचलेली नसते आणि शिपायानेही नीट पाहिलेली नसते. नांदेड जिल्ह्यात तेराशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत आणि लातुरात आठशेच्या आतबाहेर. त्या प्रत्येकीच्या कपाटात एक नोंदवही असते, नमुना क्रमांक 8, म्हणजे कर आकारणी नोंदवही. पट्टी एकदा भरली की वर्षभर विसरता येते. या वहीतली ओळ मात्र घर विकताना, वाटणी करताना, कर्ज काढताना आणि निवडणुकीला उभं राहताना पुन्हा पुन्हा आडवी येते.

आधी एक घोळ मिटवू. तलाठ्याकडे मिळतो तो 8-अ, म्हणजे शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घराचा. आकडा एकच असल्याने बँकेत 8-अ मागितला की माणूस घराचा उतारा घेऊन जातो, घरकुलाच्या अर्जाला घराचा मागितला की शेताचा जोडतो, आणि दोन्हीकडून परत येतो. नमुना 8 मध्ये मालमत्तेची आकारणी असते. त्यावरून दरवर्षीची मागणी नमुना 9 मध्ये चढते, मागणीचं बिल 9-क वर येतं आणि पैसे भरल्यावर नमुना 10 ची पावती मिळते. पावती सगळे जपून ठेवतात, देव्हाऱ्यामागे किंवा पत्र्याच्या पेटीत. उतारा गरज पडेपर्यंत कुणी काढत नाही.

कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला मिळाला तो 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 ने. मराठवाडा 1948 साली निजामाच्या राज्यातून सुटला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला, आणि या कायद्याने औंढ्याच्या खेड्याला आणि साताऱ्याच्या खेड्याला एकच नियम लागू झाला. कलमातला एक तपशील शेतकऱ्याच्या कामाचा आहे. कर इमारतींवर आहे, मग ती इमारत शेतसारा भरणाऱ्या जमिनीवर का असेना. जमिनीवरचा कर मात्र ज्या जमिनीला शेतसारा नाही तिच्यावरच. म्हणजे आखाड्यावर बांधलेल्या दोन खोल्यांना घरपट्टी लागू शकते, भोवतालच्या सोयाबीनला नाही. “माझं घर गावठाणात नाही, शेतात आहे, मला पट्टी कशी?” हा वाद गावोगाव ऐकू येतो. कायद्यापुढे तो टिकत नाही. याची उलट बाजूही आहे. शेतातल्या घराला पट्टी बसली म्हणून ते बांधकाम नियमित झालं असं होत नाही. कर घेणं आणि परवानगी देणं ही दोन वेगळी कामं आहेत. लातूर आणि नांदेड शहराच्या कडेला गुंठेवारीत प्लॉट घेतलेल्या कित्येकांनी घरपट्टीची पावती हीच परवानगी समजून घर बांधलंय.

पट्टी काढायची कशी, याची पद्धत दोनदा मुळातून बदलली. पूर्वी घराची भांडवली किंमत किंवा त्याचं वर्षाला येऊ शकणारं भाडं यांवर कर होता. खेड्यात घर भाड्याने जातंच कुठे? तेव्हा अंदाजच चालायचा, आणि अंदाज करणारा सरपंचाच्या भावकीतला असला की काय व्हायचं ते सांगायला नको. 1999 नंतर क्षेत्रफळाचा हिशोब आला: इतके चौरस फूट, घराचा प्रकार अमुक, तर इतके रुपये. मोजायला सोपा. पण त्यात लातूरला चिकटलेलं गाव आणि देवणी तालुक्याच्या टोकाचं गाव एकाच मापाने मोजलं जायचं. न्यायालयात या पद्धतीवर आक्षेप आला, वसुली अडली, आणि शेवटी 31 डिसेंबर 2015 रोजी राज्य सरकारने सुधारित नियम काढून भांडवली मूल्याचा आधार पुन्हा आणला. या वेळी अंदाजाच्या जागी सूत्र होतं.

सूत्र कागदावर भीतिदायक दिसतं, पण ते सातवीच्या गणिताच्या पलीकडचं नाही. घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचं. त्याला जमिनीच्या दराने गुणायचं. हा दर मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. मग तेच क्षेत्रफळ घराच्या प्रकारानुसार ठरलेल्या बांधकाम दराने गुणायचं आणि घर किती जुनं त्याप्रमाणे घसारा धरायचा. दोन्हींची बेरीज. तिला वापराचा भारांक लावायचा: राहतं घर असेल तर 1, म्हणजे फरक नाही, दुकान असेल तर 1.25. आलेली रक्कम म्हणजे भांडवली मूल्य. त्याच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे कर. किती पैसे, हे ग्रामपंचायत ठराव करून ठरवते, पण सरकारने घालून दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेच्या आत.

आता एक हिशोब करून पाहू. दर मी सोयीसाठी धरलेत. खरे दर गावागावाला आणि वर्षावर्षाला वेगळे. समजा 50 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 540 चौरस फुटांचं स्लॅबचं घर आहे. गावठाणातल्या जमिनीचा दर मीटरला 400 रुपये. जमिनीचे झाले 20,000. बांधकामाचा दर 18,000, घर सात-आठ वर्षांचं म्हणून 90 टक्के धरू: 50 गुणिले 18,000 गुणिले 0.90, म्हणजे 8,10,000. बेरीज 8,30,000. राहतं घर, भारांक 1. ग्रामपंचायतीने हजारी 1 रुपया 20 पैसे ठरवले असतील तर पट्टी 996 रुपये.

आता त्याच गल्लीतला जुना वाडा घ्या. दगड-मातीचा, क्षेत्रफळ दुप्पट, 100 मीटर. जमिनीचे 40,000. बांधकाम दर समजा 6,000, आणि वय साठीच्या पुढे म्हणून 30 टक्केच धरले: 1,80,000. बेरीज 2,20,000. या प्रकारच्या घराला हजारी दर कमी, समजा 60 पैसे, तर पट्टी 132 रुपये. एकेकाळच्या देशमुखाच्या वाड्याला 132 आणि त्याच्या शेजारी सालगड्याच्या पोराने ऊसतोडीच्या पैशातून बांधलेल्या दोन खोल्यांना 996. सूत्राने कुणावर अन्याय केलेला नाही. ते बांधकामाची आजची किंमत मोजतं, घरातल्यांची ऐपत मोजत नाही. पण आकडे शेजारी-शेजारी ठेवले की खेड्यात पट्टीवरून कुरबुर का होते ते कळतं. प्रधानमंत्री आवास किंवा रमाई आवासमधून घरकुल मिळालेल्या कुटुंबाला हा धक्का जास्त बसतो. कुडाच्या किंवा मातीच्या घराचा वर्ग जाऊन पक्क्या बांधकामाचा येतो, घर नवं म्हणून घसाऱ्याची सवलतही नाही. सरकारने घर दिलं आणि ग्रामपंचायतीने पट्टी वाढवली, असं त्यांना वाटतं. त्यात चूक काही नाही, तसंच झालेलं असतं.

घराचा प्रकार हा रकाना आपल्या भागात निव्वळ तांत्रिक राहत नाही, त्यात मोठा इतिहास आहे. इथलं जुनं घर म्हणजे माळवद. दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरसाल थोडी माती आणखी चढायची. दोन पिढ्यांत माळवद हातभर जाड व्हायचं. उन्हाळ्यात आत गारवा, रात्री वर झोपायला जागा. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हीच माती खाली आली. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आसपासची लातूर-उस्मानाबादची गावं जमीनदोस्त झाली. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. बरीचशी भूकंपाच्या धक्क्यापेक्षा छताच्या आणि भिंतींच्या ओझ्याने गेली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमीनधारणेनुसार मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. आकारणीच्या नजरेने पाहिलं तर हा अजब प्रकार होता. एका रात्रीत सगळ्या गावाचा बांधकाम प्रकार बदलला आणि बांधकामाचं वर्षही सगळ्यांचं जवळपास एकच झालं. तीस वर्षांत त्या घरांना पोरांनी पुढे-मागे पत्र्याच्या खोल्या जोडल्या, कुणी वर मजला चढवला, कुणी पुढे किराणा मांडला. जिथे कुणी फेरमोजणी केली नाही, तिथे वहीत घर अजून वाटपाच्या दिवशी होतं तेवढंच आहे. पुनर्वसित गावांचंच नव्हे, नांदेडकडच्या धडधाकट गावांचंही असंच. भूकंपाच्या धसक्याने माळवदं उतरवून पत्रे घालणारे खूप झाले. नोंदवहीला त्याची खबर नाही. म्हणून गावात फिरून डोळ्यांनी दिसणारं घर आणि नमुना 8 मधलं घर ही पुष्कळदा दोन वेगळी घरं असतात.

इथे ग्रामपंचायतींचं चुकतं असं माझं मत आहे. जिल्हा परिषदेची आढावा बैठक वसुलीच्या टक्क्यावर चालते. मागणी किती, वसुली किती, टक्का किती. ऐंशीच्या वर असला की शाबासकी. पण मागणीच जुन्या वहीवरून काढलेली असेल तर नव्वद टक्के वसुलीलाही काय अर्थ? नियमाप्रमाणे दर चार वर्षांनी आकारणी यादी नव्याने करायची असते. त्यासाठी घरोघर टेप घेऊन फिरावं लागतं, आणि वाढलेलं माप सगळ्यात आधी सदस्यांच्याच घरी सापडतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी जुन्या यादीवर सरसकट काही टक्के चढवून काम उरकतात. ज्याचं घर खरोखर वाढलं तो सुटतो आणि ज्याचं पडायला आलं त्याचीही पट्टी चढते.

वसुलीचं वेळापत्रक हा दुसरा घोळ. एप्रिल ते सप्टेंबर या पहिल्या सहा महिन्यांत चालू वर्षाची पट्टी भरली तर 5 टक्के सूट आणि मार्चअखेर नाही भरली तर 5 टक्के दंड, असा नियम आहे. कार्यालयातल्या दिनदर्शिकेला तो शोभतो. आता हा नियम शेतकऱ्याच्या वर्षावर ठेवून पाहा. एप्रिल-मे लग्नसराई. जूनमध्ये मृग, बी-बियाणं आणि खत. जुलै-ऑगस्ट फवारणी, पोळा, पोरांच्या वह्या-पुस्तकांची उधारी. सोयाबीन कापणीला येतं सप्टेंबरच्या शेवटी, लातूरच्या किंवा नांदेडच्या मोंढ्यात जातं ऑक्टोबरात, तेही पावसाने सोडलं तर. म्हणजे सूट संपते 30 सप्टेंबरला आणि पैसा हातात येतो त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. ऊसतोड कामगाराचं आणखी वेगळं. मुकादमाकडून उचल मिळते ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला, आणि मार्चच्या वसुली मोहिमेत तो सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतो. हजाराच्या पट्टीवर पन्नास रुपये सूट मिळवायला कुणी सावकाराकडे जात नाही. ही सूट दिवाळीनंतर महिनाभर ठेवली असती तर मार्चमध्ये भोंगा एवढा ओरडला नसता.

सूट आणि माफीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना 2020 पासून बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या योजनेखाली घरपट्टी माफ आहे, एका मालमत्तेपुरती. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र लागतं. फौजेत माणसं धाडणारी गावं आपल्याकडे आहेत, तरी अर्ज न केल्यामुळे पट्टी भरत राहिलेले म्हातारे सुभेदार भेटतात. दुसरी गोष्ट ताजी आहे. 17 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनीच, मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. त्यात चालू वर्षाची पट्टी पूर्ण भरणाऱ्याला राहत्या घराच्या जुन्या थकबाकीत निम्मी सूट देण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली. अडकलेला पैसा सुटायला याने मदत होते हे खरं. पण दरसाल मुकाट्याने भरणारी शेजारीण विचारते, “मग आमीच येडे का साहेब?” याला कुणाकडे उत्तर नसतं.

आता नावाचा रकाना. नमुना 8 मध्ये मालकाचं नाव वेगळं आणि भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं, वेगळं. मालकाच्या रकान्यात पणजोबा असतात. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झालेली, पण पट्टीचं बिल अजून त्यांच्याच नावाने येतं आणि नातू ते मानाने भरतो. भाऊ वेगळे राहू लागले की प्रश्न येतो: आजोबांच्या नावाची बाकी कुणी भरायची? थोरला म्हणतो मागची खोली धाकट्याची, धाकटा म्हणतो अंगण थोरल्याचं, आणि बाकी दोघांच्याही दारात उभी राहते. वारसनोंद करायची तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, आणि मासिक सभेचा ठराव. एवढंच काम असतं. पण भावकीतलं एक माणूस सही द्यायला तयार नसलं की पिढी निघून जाते. यात बायकांची नावं सहज गळतात. घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा शासनाचा आदेश 2003 चा आहे. अर्ज करून नवऱ्याच्या नावापुढे बायकोचं नाव चढवता येतं, त्याला मुद्रांक लागत नाही की दस्त. तरीही बहुतेक उताऱ्यांवर घरातल्या बाईचा पत्ता नसतो.

आणि एवढं करूनही नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही. तो कर कुणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलंय. तरी गावठाणातल्या घरांचे व्यवहार पिढ्यान्पिढ्या याच कागदावर झाले, कारण दुसरा कागद नव्हता. शेतजमिनीची मोजणी झाली, सातबारा झाला. गावठाण मात्र नकाशावर एक मोकळा डाग राहिला. तो भरायला पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने मोजणी करून पाहिली गेली. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राने स्वामित्व योजना काढली. गल्लीत चुन्याच्या रेघा मारल्या जातात, वरून ड्रोन फिरतो, भूमी अभिलेखचा माणूस हद्दी पक्क्या करतो आणि मग प्रत्येक घराचं मालमत्ता पत्रक निघतं. बँका हे पत्रक मानतात. गंमत अशी की पत्रक तयार करताना धारकाचं नाव शोधायला पहिल्यांदा उघडली जाते ती ग्रामपंचायतीचीच वही. तिथे पणजोबा असतील तर नव्या कागदावरही भांडण जुनंच उतरतं. चुन्याची रेघ मारायला माणसं येतील त्या दिवशी गावात हजर राहा, हे पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांना सांगून ठेवायला हवं.

बाकी राहिली तर काय होतं? कायद्याने आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जंगम मालमत्तेची जप्ती, आणि तरीही नाही भरलं तर महसुली थकबाकीसारखी वसुली. गावात जप्ती क्वचितच होते. कोण कुणाच्या दारातली मोटारसायकल उचलणार? त्याऐवजी बरीचशी प्रकरणं लोकअदालतीत ठेवली जातात. कोर्टाचा कागद घरी आला की माणूस घाबरून येतो आणि तडजोडीत भरून टाकतो. दुसरं हत्यार दाखल्याचं: “रहिवासी पाहिजे? आधी बाकी भरा.” वसुलीला ते सोयीचं आहे, पण शाळेच्या प्रवेशाला किंवा निराधार पगाराला आलेल्या माणसाला थकबाकीवरून परत पाठवणं योग्य नाही, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदीचा तर पट्टीशी काडीचाही संबंध नाही.

खरा धाक निवडणुकीचा. अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस सदस्य होऊ शकत नाही आणि झाला असला तरी राहू शकत नाही. रक्कम पन्नास रुपये असली तरी. एकत्र कुटुंबाच्या नावावरची बाकीही भोवते. म्हणून ग्रामपंचायत निवडणूक लागली की पाच-पाच वर्षं कार्यालयाची पायरी न चढलेले पुढारी थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी रांगेत असतात. निवडून आल्यावर विरोधक पहिल्यांदा शोधतात ती हीच बाकी. जिल्हाधिकाऱ्यांपुढे अशी प्रकरणं चालतात तेव्हा सगळं येऊन थांबतं एका प्रश्नावर: बिल बजावलं होतं का, आणि कुणाच्या सहीने? एरवी कुणी न बघितलेली शिपायाची बजावणीची वही तेव्हा सरपंचाची खुर्ची ठरवते.

या पैशाचं होतं काय? बिलावर घरपट्टीबरोबर दिवाबत्ती, आरोग्य, सामान्य आणि विशेष पाणीपट्टी असे वेगळे रकाने असतात. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांच्या वस्तीवर, 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे बंधन आहे. उरलेल्यातून शिपाई, पाणी सोडणारा माणूस, विजेचं बिल, मोटार जळाली तर तिची दुरुस्ती. दीड हजार वस्तीच्या गावात एवढ्यानेच पैसे संपतात. रस्ता, शाळा, दवाखाना यांतलं काही घरपट्टीतून होत नाही. ते जिल्हा परिषद, राज्य आणि वित्त आयोगाच्या निधीतून येतं. परदेशात गेलेल्या आपल्या पोरांना नेमकं हेच नवल वाटतं. न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला वर्षाला सरासरी दहा हजार डॉलरच्या आसपास घरपट्टी येते. हिशोबाची रीत तीच, घराच्या किमतीवर अमुक दराने. फरक असा की तिथली शाळा मोठ्या प्रमाणावर त्याच पैशावर चालते. मास्तराचा पगार आपल्या बिलातून जातो हे माहीत असल्यामुळे तिथला माणूस शाळेच्या अंदाजपत्रकाच्या सभेला जाऊन बसतो. आपल्याकडे गुरुजींचा पगार मुंबईहून येतो, म्हणून पट्टी नऊशेवर भागते आणि ग्रामसभेला कोरम पुरा होत नाही.

पट्टी आणि सोय यांची सांगड गावाच्या डोळ्यांसमोर घालून दाखवली ती मराठवाड्यातल्याच पाटोदा या गावाने, छत्रपती संभाजीनगरजवळच्या. सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात तिथे कर भरणाऱ्या कुटुंबाला वर्षभर दळण फुकट मिळू लागलं. दळणाचा डबा घेऊन जाणारी बाई गिरणीच्या दारात विचारते, आमची पट्टी भरलीय ना? मग घरचा पुरुष जाऊन भरतो. पाहायला अधिकारी आले, बस भरभरून सरपंच आले. नांदेड-लातूरकडच्याही काही गावांनी त्याचं अनुकरण केलं. कुठे फुकट दळण, कुठे शुद्ध पाण्याचे कार्ड. ते सगळीकडे टिकलं नाही, कारण पाटोद्यात गिरणीइतकंच गावाचा जमाखर्च सगळ्यांसमोर मांडणाऱ्या हिशोबाच्या फळ्यालाही महत्त्व होतं आणि तो फळा उचलून न्यायला कुणी तयार नव्हतं.

आपल्या घराची ओळ चुकली असेल तर दुरुस्तीची वाट आहे. नवी आकारणी यादी झाली की ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी लागते आणि हरकतींसाठी महिनाभराची मुदत द्यावी लागते. फलक बहुधा बंद कार्यालयाच्या व्हरांड्यात असतो, यादी बारीक अक्षरात, आणि दिवस पेरणीचे. तरी जाऊन बघावी. बघायचं ते एवढंच: क्षेत्रफळ मीटरमध्ये आहे की फूट मीटर समजून लिहिलंय. ही चूक झाली तर पट्टी एकदम दहापटीच्या वर जाते, कारण एका चौरस मीटरचे पावणेअकरा चौरस फूट होतात. बांधकामाचं वर्ष खरं आहे का, नाहीतर घसारा चुकतो. प्रकार स्लॅबचा लिहिलाय आणि डोक्यावर पत्रे आहेत का. पुढच्या खोलीतलं दुकान बंद पडून तीन वर्षं झाली, तरी भारांक 1.25 राहिलाय का. चूक सापडली तर साध्या कागदावर हरकत लिहून द्यायची, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (2024 पर्यंत ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत होतो) आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच ठेवायची, आणि टेप घेऊन मोजायला या असं त्यातच लिहायचं. ग्रामपंचायतीने नाही ऐकलं तर पंचायत समितीकडे अपील करता येतं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तोंडी सांगून आलेली हरकत कुठेच चढत नाही. यादी कायम झाल्यावर मात्र पुढची चार वर्षं तेच माप चालतं.